वर्गणी, प्रवेश शुल्क आणि क्लबचा ताळेबंद

खासगी कंट्री क्लबांच्या आर्थिक कारभाराविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या वेळी उत्तरासाठी घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर जाणीवपूर्वक सविस्तर दिले आहे, कारण तो समजला की बाकीच्यांचा उलगडा सोपा होतो.

प्रश्न : मी एका कंट्री क्लबचा बऱ्याच वर्षांपासूनचा सभासद आहे. सभासदत्व घेताना मोठे प्रवेश शुल्क भरले आणि वार्षिक वर्गणी कधीही चुकवलेली नाही. दरवर्षीच्या अहवालात क्लबकडे शिल्लक असल्याचे दाखवले जाते. तरीही गोल्फच्या मैदानाची जुनी सिंचनव्यवस्था बदलण्यासाठी प्रत्येक सभासदाकडून विशेष वर्गणी घेण्याचा ठराव व्यवस्थापन समितीने आता मांडला आहे. शिल्लक असताना पैसे कमी कसे पडतात? यात काही गैरव्यवहार असेल का?

उत्तर : गैरव्यवहाराची शंका घेण्याआधी अहवालातील ती शिल्लक कशी काढली आहे, हे पाहावे. क्लबच्या तिजोरीत येणारा पैसा मुळात दोन वेगळ्या प्रकारचा असतो. वर्गणी, उपाहारगृहाची विक्री, खेळाचे शुल्क आणि पाहुण्यांकडून मिळणारे शुल्क हे दरवर्षी येणारे उत्पन्न आहे. प्रवेश शुल्क मात्र एका सभासदाकडून एकदाच मिळते, आणि किती नवे सभासद मिळतील हे क्लबच्या हातात नसते. खर्चाचेही तसेच दोन भाग पडतात. पगार, वीज, पाणी, विमा, खते आणि गवताची निगा हा चालू खर्च झाला, तर इमारत, जलतरण तलाव, सिंचनाच्या वाहिन्या आणि यंत्रे यांवर होणारा तो भांडवली खर्च. चालू खर्च चालू उत्पन्नातून भागवावा आणि प्रवेश शुल्क भांडवली कामांसाठी राखून ठेवावे, हा क्लबच्या अर्थकारणातील पहिला नियम आहे, आणि माझ्या मते सर्वांत जास्त मोडला जाणाराही तोच आहे.

एका काल्पनिक क्लबचे आकडे घेऊन हे जवळून पाहू. वर्षाचा चालू खर्च १०० मानला, वर्गणीतून ८२ आले आणि इतर सेवांमधून खर्च वजा जाता ६ उरले, तर चालू व्यवहारात १२ ची तूट आहे. त्याच वर्षी नव्या सभासदांकडून प्रवेश शुल्काचे १५ मिळाले आणि ते याच हिशेबात धरले, तर अहवालाच्या शेवटी ३ ची शिल्लक दिसते. समिती समाधानी होते, वर्गणी वाढवावी लागली नाही म्हणून सभासदही खूश होतात, आणि प्रत्यक्षात जमीन विकून किराणा भरावा तसा प्रकार चालू राहतो. यात मालमत्तेचा घसारा, म्हणजे वापरामुळे दरवर्षी घटणारी तिची किंमत, अजून धरलेलाच नाही. तो ९ असेल, तर प्रवेश शुल्क बाजूला ठेवल्यावर खरी तूट २१ होते. अशी दहा-पंधरा वर्षे गेली आणि मग सिंचनव्यवस्था एकदम बदलण्याची वेळ आली, तर राखीव निधीत काहीच नसते.

आणि ही वेळ अनपेक्षित मुळीच नसते. अमेरिकेतील गोल्फ मैदानांच्या रचनाकारांच्या संघटनेने मैदानाच्या निरनिराळ्या घटकांचे अपेक्षित आयुष्य सांगणारा तक्ताच तयार केला आहे. त्यानुसार सिंचनव्यवस्था साधारण १० ते ३० वर्षे, चेंडू भोकात टाकण्याची हिरवळ १५ ते ३० वर्षे आणि खेळात अडथळा म्हणून केलेल्या खड्ड्यांमधील (बंकर) वाळू ५ ते ७ वर्षे टिकते. अठरा भोकांचे मैदान सामान्यतः १०० एकरांहून मोठे असते, त्यामुळे जमिनीखालच्या वाहिन्यांचे जाळे बदलणे हे क्लबच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या खर्चांपैकी एक ठरते. प्रत्येक मालमत्तेचे उरलेले आयुष्य आणि ती बदलण्याचा आजचा खर्च यांची यादी करून, त्यावरून दरवर्षी किती रक्कम बाजूला काढायची हे ठरवणे, एवढेच काम वेळेवर झाले असते तर आपल्यापुढचा ठराव कदाचित आला नसता. घसारा हिशेबाच्या वहीत नोंदवला म्हणजे तेवढे पैसे साठले असे होत नाही. ती रक्कम प्रत्यक्ष वेगळ्या खात्यात जावी लागते.

तेव्हा आपल्या क्लबमध्ये बहुधा अफरातफर झालेली नाही. वर्षानुवर्षे वर्गणी खऱ्या खर्चापेक्षा कमी ठेवली गेली आहे. त्याचा लाभ मधल्या काळात सोडून गेलेल्या सभासदांनीही घेतला आणि बिल मात्र आज जे सभासद आहेत त्यांच्यासमोर आले आहे. मला यातली खरी अन्याय्य गोष्ट ही वाटते. वर्गणी न वाढवणारी समिती लोकप्रिय होते आणि पुन्हा निवडून येते, त्यामुळे हा दोष आपोआप सुधारत नाही. सभासदांनीच तो मुद्दा लावून धरावा लागतो.

ठरावावर मत देण्यापूर्वी गेल्या दहा वर्षांचे हिशेब मागवून घ्यावेत, त्यांतून प्रवेश शुल्क वगळावे आणि दरवर्षीची खरी स्थिती काय होती ते पाहावे. विशेष वर्गणीची रक्कम स्वतंत्र खात्यात राहील, ठरलेल्या कामाखेरीज अन्यत्र वापरली जाणार नाही, आणि यापुढे वार्षिक वर्गणीबरोबर राखीव निधीचा ठरावीक हप्ता घेतला जाईल, असे ठरावातच लिहून घ्यावे. एवढे मान्य झाले तर ठरावाच्या बाजूने मत द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण फुटक्या वाहिन्यांवर गळती आणि दुरुस्ती यांचा खर्च दरवर्षी वाढतच जातो.

एक गोष्ट मात्र तपासून घ्यावी. वरील सर्व विवेचन सभासदांच्याच मालकीच्या क्लबला लागू पडते, कारण तिथे पैसा घालणारा दुसरा कोणी मालक नसतो. क्लब एखाद्या कंपनीच्या मालकीचा असेल, तर भांडवली खर्च कोणी करायचा हे सभासदत्वाच्या करारावरून ठरते, आणि तशी तरतूद नसेल तर विशेष वर्गणीला हरकत घेण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

प्रश्न : क्लब सोडताना परत मिळेल या अटीवर मी मोठी अनामत रक्कम भरली आहे. ही रक्कम सुरक्षित आहे असे समजावे का?

उत्तर : ती रक्कम क्लबवरचे कर्ज आहे, आणि कोणत्याही कर्जाइतकीच सुरक्षित आहे. अनामत कुठे ठेवली आहे, हा प्रश्न आपण लेखी विचारावा. ती मुदत ठेवीत असेल तर गोष्ट वेगळी, पण अनेक क्लब अनामतीच्या पैशातूनच इमारती आणि मैदाने उभारतात, आणि मैदान तुकड्यातुकड्याने विकून कोणाचे पैसे परत करता येत नाहीत.

या पद्धतीचा सर्वांत मोठा फटका जपानमध्ये बसला. तेथील अनेक गोल्फ क्लबांनी ठरावीक मुदतीनंतर, बहुतेकदा १० वर्षांनी, परत देण्याच्या बोलीवर सभासदांकडून प्रचंड ठेवी घेतल्या होत्या. १९८० च्या दशकातील तेजीत सभासदत्वांची शेअरप्रमाणे खरेदी-विक्री चालत असे आणि त्यांचे भाव सतत चढत असल्यामुळे ठेव परत मागण्याऐवजी सभासदत्व बाजारात विकणेच फायद्याचे होते. १९९० नंतर भाव कोसळून ठेवीच्याही खाली गेले, मुदत संपलेल्या सभासदांनी एकाच वेळी ठेवी परत मागितल्या, आणि तो पैसा मैदानांत घातला गेलेला असल्याने गोल्फ मैदाने चालवणाऱ्या अनेक कंपन्यांना दिवाळखोरीचा आश्रय घ्यावा लागला. अशा वेळी सभासदांच्या हाती मूळ ठेवीचा किरकोळ हिस्साच येतो.

आपल्या करारातील परताव्याची अट बारकाईने वाचावी. काही क्लब ठरावीक संख्येने नवे सभासद आल्यावरच जुन्या एका सभासदाचे पैसे परत करतात. क्लबला मागणी असते तोवर ही अट निरुपद्रवी वाटते. नवे सभासद येणे थांबले की सोडू इच्छिणाऱ्यांची रांग लागते, आणि रांगेत असताना वर्गणी चालू राहणार की थांबणार, यावर आपले किती नुकसान होणार हे ठरते. राजीनामा देताच वर्गणी थांबेल असे कलम करारात नसेल, तर सभासदत्व घेण्यापूर्वीच ते घालून घेण्याचा आग्रह धरावा. परत न मिळणारे पण माफक प्रवेश शुल्क घेणारा क्लब मला परताव्याचे आश्वासन देणाऱ्या क्लबपेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो.

प्रश्न : आमच्या क्लबमध्ये प्रत्येक सभासदाने दर तिमाहीत उपाहारगृहात ठरावीक रकमेचा खर्च केलाच पाहिजे, अशी अट आहे. तो न केल्यास फरक बिलात लावला जातो. हे न्याय्य आहे का?

उत्तर : पद्धत जुनी आहे आणि तिचे कारण समजण्याजोगे आहे. ग्राहक येवोत न येवोत, आचारी, वाढपी आणि सामग्री तयार ठेवावीच लागते. बाहेरच्या हॉटेलप्रमाणे गर्दी मिळवण्याची मुभा क्लबच्या उपाहारगृहाला नसते, त्यामुळे ते पुष्कळदा तोट्यात किंवा जेमतेम बरोबरीत चालते. हा तोटा अखेर वर्गणीतूनच भरून निघतो. किमान खर्चाची अट म्हणजे वेगळ्या नावाने घेतलेली वर्गणीच होय, आणि सभासदांना तसे स्पष्ट सांगितले तर तिला माझी हरकत नाही. मात्र तिमाहीऐवजी वार्षिक मर्यादा ठेवणे अधिक योग्य आहे, म्हणजे काही महिने परगावी असलेल्या सभासदाला न घेतलेल्या सेवेचे पैसे भरावे लागत नाहीत.

प्रश्न : आमचे सभागृह आणि मैदान आठवड्यातले कित्येक दिवस रिकामे असते. ते बाहेरच्या लोकांना भाड्याने दिले तर वर्गणी कमी करता येईल, पण समिती कराचे कारण पुढे करून नकार देते. हे कारण खरे आहे का?

उत्तर : खरे आहे, पण अर्धेच. सभासदांनी एकत्र येऊन स्वतःसाठी पैसे जमवले आणि त्यातले काही उरले, तर तो नफा नव्हे, कारण कोणीही स्वतःशीच व्यापार करून कमवू शकत नाही, हे परस्परतेचे तत्त्व अनेक देशांच्या करकायद्यांनी मानले आहे. बाहेरच्या माणसाकडून आलेल्या पैशाला हे तत्त्व लागू होत नाही. इंग्लंडमधील कार्लाइल अँड सिलोथ गोल्फ क्लबच्या १९१३ च्या खटल्यात बाहेरून खेळायला येणाऱ्यांकडून घेतलेले शुल्क करपात्र ठरले. भारतात २०१३ मध्ये बंगलोर क्लबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन, क्लबने आपली शिल्लक आपल्याच सभासद असलेल्या बँकांत ठेवून मिळवलेले व्याजही करपात्र ठरवले, कारण तो पैसा सभासदांच्या वर्तुळाबाहेर जाऊन बँकेच्या व्यवसायात वापरला गेला होता. अमेरिकेत १९७६ च्या कायद्यानंतर करमुक्त सामाजिक क्लबांना एकूण जमेच्या ३५ टक्क्यांपर्यंतच सभासदेतर मार्गांनी उत्पन्न घेता येते, आणि त्यातही बाहेरच्यांना क्लबच्या सोयी वापरू देऊन मिळालेली रक्कम १५ टक्क्यांच्या आत असावी लागते. ही मर्यादा ओलांडली तर क्लबची करसवलतच धोक्यात येते.

म्हणजे बाहेरच्या उत्पन्नावर कर भरावा लागेल, हे समितीचे म्हणणे बरोबर आहे. पण कर भरूनही हाती काही उरत असेल, मर्यादा पाळली जात असेल आणि सभासदांची गैरसोय होत नसेल, तर केवळ कर लागतो म्हणून उत्पन्न नाकारणे मला पटत नाही. त्यासाठी सभासदांचे आणि बाहेरच्यांचे व्यवहार पहिल्या पावतीपासून वेगळे नोंदवावे लागतात. लग्नसमारंभासाठी सभागृह सभासदाच्या नावाने घेतले आणि बिल मात्र बाहेरच्या कंपनीने भरले, अशी नोंद लेखापरीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही. सल्ला एवढाच की हे उत्पन्न राखीव निधीत टाकावे आणि वर्गणी कमी करण्यासाठी वापरू नये. एखाद्या वर्षी ते आटले तर वर्गणी पुन्हा वाढवताना समितीला सभेत फार त्रास होईल.

प्रश्न : मी आमच्या क्लबचा मानद खजिनदार आहे. काही जुने, प्रतिष्ठित सभासद महिनोन्महिने बिले थकवतात. ओळखीचे लोक असल्याने कडक वागणे जड जाते. काय करावे?

उत्तर : आपली अडचण खरी आहे, कारण ज्याच्याकडून वसुली करायची त्याच्याशीच संध्याकाळी खेळायचे असते. म्हणून हा निर्णय व्यक्तीच्या हातात ठेवूच नये. ठरावीक दिवसांनंतर विलंब शुल्क, त्यानंतर उधारीची सोय बंद, त्यानंतर सूचनाफलकावर नाव आणि शेवटी सभासदत्व स्थगित, असा क्रम नियमावलीत घालून सर्वसाधारण सभेची मंजुरी घ्यावी आणि त्याची अंमलबजावणी पगारी व्यवस्थापकाकडे सोपवावी. फलकावर थकबाकीदारांची नावे लावण्याची रीत जुन्या क्लबांत पूर्वापार आहे. मात्र त्याआधी लेखी सूचना आणि उत्तरासाठी मुदत दिलीच पाहिजे.

थकबाकीकडे दुर्लक्ष केल्याचा परिणाम सगळ्यांवर होतो, कारण क्लबचा बहुतेक खर्च स्थिर असतो. ६०० सभासदांनी उचलायचा खर्च ५०० जणच भरू लागले, तर त्या प्रत्येकाचा वाटा २० टक्क्यांनी वाढतो. त्या वाढीला कंटाळून आणखी काही जण सोडून जातात आणि उरलेल्यांचा भार पुन्हा वाढतो. समितीच्या मासिक बैठकीत एकूण थकबाकीचा आकडा न मांडता ३० दिवसांपर्यंतची, ६० दिवसांपर्यंतची आणि ९० दिवसांहून जुनी रक्कम वेगवेगळी मांडत जा. समितीच्या सदस्यांची स्वतःची थकबाकी असेल तर ती आधी वसूल करा, म्हणजे इतरांना सूचना पाठवताना आपल्याला संकोच वाटणार नाही.