ड्युटी बदलताना आजींमधला बदल कसा सांगायचा

ताई, तुम्ही लिहिलंत की आजींचं जेवण दोन दिवस कमी झालं होतं आणि सकाळच्या मावशींना ते दिसलंही होतं. वहीत मात्र 'झोप ठीक, जेवण ठीक' एवढंच आलं, आणि तिसऱ्या दिवशी लघवीच्या संसर्गामुळे त्यांना ॲडमिट करावं लागलं. आता असे बदल कळवायला व्हॉट्सॲप ग्रुप सुरू करावा का, असं तुम्ही विचारताय.

मी बरीच वर्षं वृद्धाश्रमांत नर्सिंगचं काम पाहिलंय. माझ्या मते ग्रुपने हे सुटणार नाही. ग्रुपवर टाकलेला मेसेज सगळ्यांनी पाहिला, म्हणजे कोणीच जबाबदारी घेतली नाही असं होतं. शिवाय आजारपणाचे तपशील आणि फोटो दहा जणांच्या मोबाइलमध्ये राहतात ते वेगळंच. निरोप एका ठरलेल्या सिस्टरला, तोंडी किंवा फोनवर जावा. तिने तो परत म्हणून दाखवावा आणि वेळ घालून लिहावा.

बदल सर्वांत आधी दिसतो तो आंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या मावशींना. म्हणून ओव्हर देताना, म्हणजे पाळी संपताना पुढच्या पाळीला माहिती देताना, त्यांना सिस्टरच्या शेजारी उभं करा आणि आधी त्यांना बोलू द्या. लिहिता येत नसेल तर सिस्टरने त्यांच्याच शब्दांत लिहावं. अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये अशा मदतनिसांसाठी 'स्टॉप अँड वॉच' नावाचं बारा मुद्द्यांचं कार्ड वापरतात. त्यातला पहिलाच मुद्दा असा आहे: नेहमीपेक्षा वेगळ्या वाटतात. कारण सांगता आलं नाही तरी चालतं, नोंद होते.

पण वेगळं म्हणजे कशापेक्षा? त्यासाठी प्रत्येकाचं 'नेहमीचं' लिहून ठेवा: किती पोळ्या खातात, संडासला स्वतः जातात का, कोणाला ओळखतात, एरवीचा बीपी आणि ताप किती. मग वहीत 'ठीक' न लिहिता 'दोन पोळ्या खातात, आज अर्धी' असं लिहायचं. तापासाठी तर हे फारच गरजेचं आहे. म्हाताऱ्या माणसांना संसर्ग होऊनही ताप फारसा चढत नाही. ज्यांचं एरवी 97 असतं त्यांना 99 म्हणजे दोन अंश वाढ, आणि ती डॉक्टरांना कळवायलाच हवी. क्रोसिन आधीच दिली असेल तर तेही सांगा, नाहीतर आकडा फसवतो.

'आजी आज अगदी शांत आहेत' या वाक्यावर मी नेहमी थांबते. आरडाओरडा करणाऱ्या पेशंटकडे सगळे धावतात. पण काही तासांत, एक-दोन दिवसांत माणूस गप्प आणि झोपाळू झाला, बोलणं तुटक झालं, तर तो बहुधा डिलिरियम, म्हणजे आजारपणामुळे अचानक आलेला मेंदूचा गोंधळ, असतो. मागे संसर्ग, पाणी कमी पडणं, नवं औषध, तुंबलेली लघवी असं काहीही असू शकतं. आधीपासून विस्मरणाचा आजार असलेल्यांच्या बाबतीत 'त्यांचं असंच असतं' म्हणून हे हमखास नजरेतून सुटतं. विस्मरण महिन्या-वर्षांनी वाढतं, एका दुपारीत नाही.

पडल्याची नोंद पुढच्या पाळ्यांनाही द्या, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि डोक्याला मार लागला असेल तर. डॉक्टरांना मात्र लगेच कळवायचं, कारण आतला रक्तस्राव उशिराही दिसतो.

डॉक्टरांना फोन करताना एसबीएआर वापरा. ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून रुग्णालयांत आली. आत्ता काय झालंय, आधीचं काय आहे, तुम्हाला काय वाटतं, काय हवंय, या क्रमाने बोलायचं. उदाहरणार्थ: "दुपारपासून आजी झोपाळलेल्या आहेत, मुलीला ओळखलं नाही, हे नवीन आहे. वय 82, मधुमेह आहे. नेहमी 97.2 असतं, आज 99.4. लघवी कमी झालीय. मला संसर्गाची शंका येतेय. तुम्ही आज येऊन बघाल का, की आम्ही हॉस्पिटलला नेऊ?" शेवटचा प्रश्न गाळू नका. तो नसला की "बघू उद्या" असं उत्तर मिळतं.

आणि मावशींनी सांगितल्यावर पुढे काय झालं ते त्यांना त्याच दिवशी कळवा. काही निघालं नाही तरी रागावू नका. एकदा झिडकारलं की त्या पुढच्या वेळी सांगत नाहीत.