स्क्रिप्ट हाताने चालवली की चालते, क्रॉनमध्ये टाकली की चालत नाही, असं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा की दादरच्या क्लासमध्ये एक उबंटूचं मशीन आहे, त्यावर फीचा आणि हजेरीचा डेटाबेस आहे, रोज रात्री २ वाजता त्याचा बॅकअप घ्यायला तुम्ही शेल स्क्रिप्ट लिहिलीय, टर्मिनलमधून चालवली की फाइल व्यवस्थित बनते पण क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी काम आपोआप चालवणारा प्रोग्राम) टाकल्यावर सकाळी येऊन बघावं तर फाइल नाही, आणि एररसुद्धा कुठे दिसत नाही. मी मुंबईतल्या लहान ऑफिसांचे आणि लॅबचे सर्व्हर बघतो आणि सगळ्यात जास्त वेळा मला हेच विचारलं जातं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कमांड इथे देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाका.

सगळ्यात आधी एक साधी गोष्ट विचारतो, रात्री क्लास बंद करताना शिपाईकाका मेन स्विच पाडून जातात का? हसू नका, खरंच विचारतोय. बऱ्याच ठिकाणी आगीच्या भीतीने रात्री मेन बंद करतात, आणि ते बरोबरच आहे, पण मग २ वाजता मशीनच बंद असतं आणि साधा क्रॉन हुकलेलं काम नंतर करत नाही, ती वेळ गेली की गेली. तसं असेल तर वेळ बदलून संध्याकाळची करा नाहीतर खाली टायमरचं लिहिलंय ते बघा.

मशीन रात्रभर चालू असेल तर मग खरं कारण बहुतेक हे असणार. तुम्ही टर्मिनल उघडता तेव्हा बॅश (तुमच्या कमांड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे शेल) तुमच्या बॅशआरसी, प्रोफाइल अशा सेटिंगच्या फाइली वाचून बसतो, पाथ (प्रोग्राम कुठल्या फोल्डरांत शोधायचे ती यादी) सेट झालेला असतो, तुम्ही स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये असता. क्रॉन यातलं काहीच वाचत नाही. उबंटूच्या क्रॉनमध्ये पाथ फक्त /यूएसआर/बिन आणि /बिन एवढाच असतो, म्हणजे एखादा प्रोग्राम स्नॅपने (उबंटूचं प्रोग्राम टाकायचं साधन) टाकलेला असेल किंवा /यूएसआर/लोकल/बिनमध्ये असेल तर तो सापडतच नाही. काम सुरू होतं ते यूजरच्या होम फोल्डरमधून, त्यामुळे स्क्रिप्टमध्ये नुसतं बॅकअप/फीस असं लिहिलं असेल तर ते फोल्डर भलतीकडेच शोधलं जातं. आणि शेल बॅश नसतो, एसएच असतो, तोही उबंटूमध्ये ६.१० पासून म्हणजे २००६ पासून डॅश नावाचा साधा शेल आहे, त्यामुळे डबल कंस, ॲरे, सोर्स असलं बॅशचंच काही क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या कामांची यादी) ओळीत लिहिलं किंवा स्क्रिप्टची पहिली ओळ बॅशची नसली किंवा तुम्ही ती एसएचने चालवली की ती तिथेच पडते.

हे माझ्या सांगण्यावरून मानायची गरज नाही, स्वतः बघा. क्रॉनटॅबमध्ये पाच तारे (म्हणजे दर मिनिटाला) टाकून पुढे, सगळी सेटिंग दाखवणारी कमांड, एन्व्ह > /टीएमपी/क्रॉन-एन्व्ह अशी ओळ घाला, एक मिनिट थांबा, ती फाइल उघडा आणि टर्मिनलमधल्या एन्व्हशी ताडून बघा, किती थोडं असतं ते दिसेल. बघून झालं की ओळ काढून टाका. मग स्क्रिप्टच्या सुरुवातीला पाथ स्वतः लिहा, सीडी करून फोल्डरमध्ये जा आणि प्रत्येक फाइलचा पूर्ण पत्ता द्या.

आता एरर का दिसत नाही ते. क्रॉन स्क्रिप्टचं आउटपुट मेलने पाठवायला बघतो, ही फार जुनी पद्धत आहे, आणि तुमच्या मशीनवर मेल सर्व्हर नसणार, मग तो सिसलॉगमध्ये (मशीनच्या नोंदींची फाइल) 'नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट', म्हणजे मेल पाठवणारा प्रोग्राम नाही, एवढं लिहितो आणि तुमची एरर फेकून देतो. म्हणजे एरर आली होती, तुमच्यापर्यंत पोचली नाही. म्हणून ओळीच्या शेवटी >> /होम/क्लास/बॅकअप.लॉग २>&१ हे लावाच, म्हणजे आउटपुट आणि एरर दोन्ही त्या फाइलमध्ये जातात, आणि याच क्रमाने लावा, आधी फाइल मग २>&१, उलटं लिहिलं तर एरर फाइलमध्ये जातच नाहीत. जर्नलसीटीएल -यू क्रॉन (क्रॉनच्या नोंदी दाखवणारी कमांड) टाकल्यावर तुमची कमांड २ वाजता दिसते त्यावरून बरेच जण समाधान मानतात, पण ते स्टेशनवरच्या इंडिकेटरसारखं आहे, गाडी सुटली एवढंच कळतं, डब्यात कोण चढलं ते नाही कळत.

एक पर्सेंटचं चिन्ह खास बघा. बॅकअपच्या नावात तारीख घालायला आपण डेट +%एफ लिहितो ना, ते स्क्रिप्टच्या आत असेल तर काही प्रश्न नाही, पण थेट क्रॉनटॅबच्या ओळीत असेल तर क्रॉन % ला ओळ संपली असं समजतो आणि कमांड अर्धीच चालते. त्याच्या आधी बॅकस्लॅश द्या, किंवा सरळ तारखेचं सगळं स्क्रिप्टमध्ये हलवा, मी नेहमी दुसरंच करतो.

पासवर्डचंही तसंच. मायएसक्यूएल असेल तर तुमच्या होममधल्या .माय.सीएनएफ मधून पासवर्ड घेतला जात असेल, पण तुम्ही जॉब रूटच्या (मशीनचा मुख्य ॲडमिन यूजर) क्रॉनटॅबमध्ये टाकला तर होम /रूट होतं आणि ती फाइल तिथे नसते. ज्या यूजरने हाताने चालवता त्याच्याच क्रॉनटॅबमध्ये टाका आणि त्या फाइलची परमिशन ६०० ठेवा, म्हणजे ती फक्त तुम्हालाच वाचता येईल.

याहून मला जास्त काळजी वाटते ती पुढची गोष्ट, कारण तुमच्याकडे निदान फाइल बनतच नाहीये, कळतं तरी. डेटाबेसचा डंप (सगळा डेटा बाहेर काढलेली प्रत) पाइपने थेट जीझिपला, म्हणजे फाइल लहान करणाऱ्या प्रोग्रामला दिला आणि डंप पहिल्याच फटक्याला फेल झाला, तरी जीझिप रिकाम्या इनपुटची फाइल आनंदाने बनवतो आणि सगळं ठीक म्हणून सांगतो. ती फाइल २० बाइटची असते. रोज नवीन तारखेची फाइल, नाव बरोबर, एक्स्टेन्शन बरोबर, आत काही नाही. एका क्लिनिकमध्ये मी अशा फाइलींचं अख्खं फोल्डर बघितलंय, आणि ते कळलं कधी तर डिस्क गेल्यावर. म्हणून पहिली ओळ बॅशची ठेवा, खाली सेट -ईयूओ पाइपफेल लिहा (मधलं काही फेल झालं की स्क्रिप्ट तिथेच थांबते), डंप आधी तात्पुरत्या नावाने घ्या आणि तो नीट झाला तरच एमव्हीने खरं नाव द्या, साइज तपासा, आणि महिन्यातून एकदा तरी दुसऱ्या डेटाबेसमध्ये तो रिस्टोअर करून बघा. पोरांच्या पालकांनी भरलेले पैसे आहेत त्यात, याला कंटाळा करू नका.

वेळेचं. क्लासमधलं मशीन असेल तर घड्याळ भारतीय वेळेवरच असेल, पण उद्या हे क्लाउडवर हलवलंत तर लक्षात ठेवा, ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमधलं मशीन घेतलं तरी त्याचं घड्याळ मुळात यूटीसीवरच (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असतं. तिथे २ लिहिलं तर काम आपल्या सकाळी साडेसातला होतं, म्हणजे नेमकी सकाळची बॅच बसलेली असताना. टाइमडेटसीटीएलने टाइमझोन एशिया/कोलकाता करा आणि क्रॉन सर्व्हिस रीस्टार्ट करा. यूटीसीच ठेवायचं असेल तर ३० २० (म्हणजे २० वाजून ३० मिनिटं) लिहावं लागेल, पण मग वारही एक मागे जातो, आपल्या सोमवारी पहाटे २ वाजतात तेव्हा तिकडे रविवारच असतो.

वारावरून आठवलं, महिन्याच्या पहिल्या सोमवारी फीचा रिपोर्ट हवा म्हणून लोक तारखेत १-७ आणि वारात १ लिहितात. क्रॉन दोन्ही जुळायची वाट बघत नाही, कुठलंही एक जुळलं की चालवतो, म्हणजे १ ते ७ रोज आणि शिवाय प्रत्येक सोमवारी. तारखा क्रॉनमध्ये द्या आणि वार स्क्रिप्टमध्ये तपासा. आणि स्क्रिप्ट क्रॉन.डेली फोल्डरमध्ये टाकणार असाल तर नावातलं .एसएच काढा, उबंटूत नावात टिंब असलेली फाइल तिथे गुपचूप सोडून दिली जाते.

हुकलेल्या कामासाठी क्रॉनऐवजी सिस्टमडीचा (उबंटूत सगळ्या सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्राम) टायमर वापरा. त्यात पर्सिस्टंट=ट्रू लिहिलं की मशीन बंद असताना गेलेली वेळ चालू झाल्यावर भरून काढली जाते. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज सकाळी गेली होती तशी गेली आणि यूपीएस संपला तरी मग त्या दिवसाचा बॅकअप बुडत नाही. लॉगही जर्नलमध्ये आपोआप जातो. दोन फाइली लिहाव्या लागतात एवढंच, पण नवीन काही लावायचं असेल तर मी आता हेच लावतो.

कामांची यादी बदलायला क्रॉनटॅब -ई टाइप करताना कीबोर्डवर ई च्या शेजारी आर आहे, आणि -आर न विचारता सगळं पुसून टाकतं. आत्ताच क्रॉनटॅब -एल (यादी दाखवणारी कमांड) करून आउटपुट एका फाइलमध्ये ठेवा.

आज लॉगची ओळ लावा, वेळ पाच मिनिटांनंतरची द्या म्हणजे रात्रीची वाट बघायला नको, आणि लॉगमध्ये जे येईल ते आणि स्क्रिप्टच्या पहिल्या दहा ओळी इथे टाका, पासवर्ड तेवढा खोडून.