‘सगळं सांगून टाकलं, तर माझ्याकडे काय उरणार?’

पार्लर चालवणाऱ्या ताई, क्लासचे सर, लग्नाचा स्वयंपाक घेणारे आचारी, सगळ्यांच्या तोंडी समुपदेशक म्हणून मी एकच भीती ऐकते: ‘आज शिकवलं की उद्या हाच समोर दुकान टाकणार.’ या भीतीच्या तळाशी काय असतं, ते मला तासगाव भागातल्या एका द्राक्ष बागायतदारांमुळे कळलं. त्यांना तात्या म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तात्यांची बाग बघायला लांबून लोक येत आणि तात्या हातचं न राखता सांगत. एका चर्चासत्रात शेजारच्या तरुणाने तात्यांचंच वेळापत्रक ‘माझा अनुभव’ म्हणून मांडलं. तात्या मागच्या रांगेत बसले होते. त्या दिवसापासून शेजाऱ्याशी बोलणं बंद, झोप उडालेली, छाटणीची डायरी कपाटात. अशा अवस्थेत ते माझ्याकडे आले.

"वीस वर्षं घातली मॅडम. ह्यानं एका दुपारी उचललं."

पुढच्या वेळी मी डायरी आणायला सांगितली. गोडी छाटणीची (फळांसाठीच्या छाटणीची) तारीख, पेस्टिंग म्हणजे डोळे फुटावेत म्हणून काडीला औषध लावणं, जीएचे डिप म्हणजे मणी वाढवणाऱ्या संजीवकात घड बुडवणं, घडातल्या मण्यांची विरळणी, सगळं ओळीने लिहिलेलं.

"एवढ्यावर मी तुमच्यासारखा माल काढू शकेन?"

ते पहिल्यांदाच हसले. "असं कसं? थंडी कधी पडली, माती कसली, बघाय नको? मणी बोटात धरल्याबिगर डिप देता येत न्हाई." बोलताना त्यांचा अंगठा आणि तर्जनी हवेतच मणी चाचपत होती.

"मग शेजाऱ्याने नेलं काय?"

बराच वेळ गेला. "तारखा."

पूर्वी मी इथेच समाधान मानलं असतं. पण पंधरा दिवसांनी ते परत आले. "डोक्याला पटलंय मॅडम, पोटात अजून जळतंय."

मी विचारलं, "तुमच्या बागेत लावलेली वेलाची पहिली काडी कुठली?"

"वडिलांनी आणलेली. सोनाका." सोनाका म्हणजे सोलापूर, नान्नज, काळे, हे त्यांनीच मला समजावलं, नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी निवडलेलं वाण. सांगता सांगता ते थबकले. "काडी गावोगाव गेली... पण नाव काळ्यांचंच ऱ्हायलं की." डोळे भरून आले. "माझं नाव घेतलं न्हाई त्यानं."

खरं दुखणं हे होतं. ते म्हणत होते ‘चोरी’, आणि सलत होती उपेक्षा. ज्ञान वाटणारा माणूस नक्कल बरीच सोसतो. आपण होतोच कुठे, असं वाटायला लावणं त्याला सोसत नाही. हे त्यांच्या तोंडून आलं म्हणून टिकलं. मी सांगितलं असतं तर उपदेश झाला असता.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारावर माझा भर आहे, आणि तो इथे उपयोगी पडला. ‘नाव घ्यावं’ ही रास्त इच्छा. ती बोलून दाखवता येते. ‘घेतलंच पाहिजे’ म्हटलं की माणूस आतल्या आत जळतो. स्वतः एलिस न्यूयॉर्कच्या आपल्या संस्थेत शुक्रवारी रात्री भर सभेत समुपदेशन करून दाखवत. ज्याला उचलायचं त्याने उचलावं!

जाणकार आपलं ज्ञान दुसऱ्याला सांगतो, त्यात त्याचाही लाभ असतो. समोरच्याच्या ‘का?’ला उत्तर देताना आपल्याच सवयीमागचं कारण सापडतं. तात्यांचं कारण आणखी रोकडं होतं: शेजाऱ्याची फवारणी चुकली, तर डाऊनी (केवडा) रोग वारा-पावसाबरोबर आपल्याच बागेत येतो.

तरी सगळंच सांगावं असं मी कोणालाही म्हणत नाही. ज्यावर पोट चालतं ते पैसे घेऊन शिकवावं, अर्धा झालेला प्रयोग राखावा, दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेलं तर उघडूच नये. फक्त हे शांतपणे ठरवावं, दुखावलेल्या मनाने नव्हे. आणि सांगतानाच म्हणावं, ‘पुढे सांगशील तेव्हा माझं नाव घे.’ हे वाक्य आम्ही खोलीत चार-पाचदा म्हणून पाहिलं. तात्यांना ते जड गेलं.

छाटणीआधी त्यांनी शेजाऱ्याला बांधावर गाठून ते म्हटलं. तो पोरगा खाली बघत म्हणाला, "तात्या, तुमचं नाव घ्यायचं मनात होतं. माझ्या हातनं काय चुकलं, तर तुमचं नाव खराब होईल म्हणून भ्यालो."