आधी ब्रँडला ब्रँडशी ताड

बेटा,

रक्त गोठू न देणाऱ्या इनॉक्सापॅरिन इंजेक्शनच्या जेनेरिकचा, म्हणजे मूळ ब्रँडच्या स्वस्त जोडीदाराचा, तपासणीतला आलेख ब्रँडच्या आलेखावर बसला नाही, म्हणून औषध बोगस ठरवून मोकळी झालीस. सिरिंजा मोजल्या किती? एक इकडची, एक तिकडची. ब्रँडची दुसरी सिरिंज पहिलीवर बसते का, ते पाहिलंस? एकाच वावरातला पहिल्या वेच्याचा आणि तिसऱ्या वेच्याचा कापूस सारखा नसतो, हे तुला मी सांगायचं? हे औषध तर डुकराच्या आतड्यातल्या हेपॅरिनपासून होतं. पॅरासिटामॉलसारखा एकच रेणू नाही, लहानमोठ्या साखळ्यांची खिचडी आहे. 2000 डाल्टनखालच्या (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) साखळ्या 12 ते 20 टक्के असल्या तरी फार्माकोपियाला, म्हणजे औषधांच्या प्रमाणग्रंथाला, चालतं.

तेव्हा आधी ब्रँडला ब्रँडशी ताड. वेगवेगळ्या लॉटच्या, म्हणजे कारखान्यातल्या वेगवेगळ्या खेपांच्या, निदान सहा सिरिंजा घे. त्यांच्यात निघेल ती तफावत म्हणजे तुझा पट्टा. मग जेनेरिकचेही चार-सहा लॉट घेऊन ते त्या पट्ट्यात येतात का बघ. आणि 25 अंशांखाली ठेवायचा माल नागपूरहून भर दुपारच्या एसटीत आणू नकोस. बर्फालाही चिकटवू नको, गोठला की गेला.

आता तुझं पचन, म्हणजे आलेख काढण्याआधी एन्झाइमने साखळ्यांचे तुकडे करणं. फॉस्फेट बफर कोणी सांगितला? साखळ्या तोडणाऱ्या हेपॅरिनेज एन्झाइमला कॅल्शियम लागतं, फॉस्फेट त्याचा साका करून बसवतं. कॅल्शियम घातलेला अ‍ॅसिटेट बफर घे, पीएच 7. तिन्ही हेपॅरिनेज एकत्र, 25 अंशांवर 48 तास. मे महिन्यात साधा वॉटर बाथ 25 वर येणारच नाही. तो तापवतो, गार करत नाही. थंड करणारा इनक्युबेटर हवा, तोही इन्व्हर्टरवर, कारण रात्री लाइन जाणार. ब्रँड आणि जेनेरिक एकाच रॅकमध्ये, एकाच कुपीतल्या एन्झाइमने पचव. 232 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आलेखात उशिरा येणारे ते अनोळखी पीक, म्हणजे उंचवटे, भेसळीचेच कशावरून? एन्झाइम वाढवून पुन्हा चालव. ते खुजे झाले, तर अर्धवट पचलेले तुकडेच होते.

मला हेकेखोर म्हणतात, म्हणू दे. मीही हे उशिराच शिकलो, म्हणून चिडतो. 2010 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, पहिलं जेनेरिक इनॉक्सापॅरिन मंजूर केलं, तेव्हा रुग्णांवर परिणामकारकतेच्या नव्या चाचण्या मागितल्या नाहीत. साखळ्यांची लांबी, तुकड्यांचा क्रम, कच्चं हेपॅरिन, तोडण्याची रीत, रक्तावरचा परिणाम, सगळं ब्रँडशी ताडूनच ठरलं. आणि तू दोन सिरिंजांवर निकाल देतेस!

पुढच्या पत्रात आधी ब्रँडचे लॉट नंबर लिही. आलेख मागाहून पाठव.