मामाचा डोरेमॉन, भाचीचा डोरेमॉन

*ताई, मी २७ वर्षांचा, नाशिकला नोकरी करतो. प्रश्न पोरकट वाटेल, पण मनाचा हिय्या करून लिहितोय. लहानपणी शाळेतून आलो की दप्तर फेकून डोरेमॉन, ते भविष्यातून आलेल्या यंत्रमांजराचं जपानी कार्टून, लावायचो. मे महिन्याच्या सुट्टीत आठ वर्षांची भाची आली होती, तिच्यासोबत त्याचा चंद्रावरचा सिनेमा पाहिला. नंतर शोधलं तर कळलं, पटकथा एका कादंबरीकार बाईंची, आणि सिनेमासाठी त्यांनी पहिल्यांदाच लिहिलेलं! डोरेमॉन असा कुणाच्याही हातात देतात? आज ही लेखिका, उद्या आणखी कोणी. एक दिवस त्यातल्या ढ नोबिताचा वर्गात पहिला नंबर आणून ठेवतील. रागाच्या भरात भाचीला म्हणालो, ‘तुला खरा डोरेमॉन माहीतच नाही, हा डुप्लिकेट आहे.’ ती रडली. बहीण तेव्हापासून माझ्याशी तुटक बोलते. बोललो ते चुकलंच, पण माझी भीती खोटी आहे का?*
*— एक जुना चाहता*

मामासाहेब,

भीती खोटी नाही. पण ‘खरा’ आणि ‘डुप्लिकेट’ यांची जी हद्द तू आखलीस, तिच्या कुठल्या बाजूला तू स्वतः उभा आहेस ते एकदा बघून घे.

डोरेमॉनचे जनक फुजिको एफ. फुजिओ, खरं नाव हिरोशी फुजिमोतो, २३ सप्टेंबर १९९६ला गेले. तुझा तेव्हा जन्मही झाला नव्हता. आपल्याकडे डोरेमॉन हिंदी बोलायला लागला तो २००५च्या आसपास. म्हणजे तू दप्तर फेकून जे बघायचास, ते फुजिमोतोंच्या चित्रकथांवरून दुसऱ्याच लोकांनी पटकथा लिहून बनवलेलं आणि तिसऱ्यांनी हिंदीत बोललेलं होतं. त्यातल्या एकाचंही नाव तुला ठाऊक नसेल. भाग संपायच्या आतच जाहिरात लागायची, नावं वाचणार कोण आणि कधी? आत्ता नाव वाचलंस, म्हणून परका माणूस घरात शिरल्यासारखं वाटलं. परकी माणसं तर पहिल्यापासून घरातच होती आणि तुला जीव लावत होती.

जपानमधल्या लोकांवर याहून मोठी वेळ आली होती. १९७९पासून डोरेमॉनला आवाज देणाऱ्या नोबुयो ओयामा २००५मध्ये बाजूला झाल्या. त्यांच्यासोबत नोबिता, शिझुका, जियान, सुनिओ, सगळ्यांचेच आवाज एका दमात बदलले. पंचवीसेक वर्षं कानात बसलेला तो खरखरीत, आजीसारखा आवाज गेला आणि वासाबी मिझुता आल्या. तेव्हा लहान असलेल्या पोरांना मात्र मिझुतांचाच आवाज डोरेमॉनचा वाटतो. तुझ्या भाचीचंही तसंच होणार, होऊ दे.

आता त्या लेखिकेकडे येऊ. मिझुकी त्सुजिमुरा. २०१२मध्ये त्यांना नाओकी पुरस्कार मिळाला. जपानी कादंबरीकाराला हा पुरस्कार मिळणं लहानसहान गोष्ट नाही. पण मला त्यांची जास्त ओळख पटते ती २००५मधल्या एका कादंबरीवरून, जिच्या प्रकरणांना डोरेमॉनच्या खिशातल्या वस्तूंची नावं आहेत. बाई तुझ्यामाझ्याहून जुन्या चाहत्या आहेत रे. आणि २०१९च्या त्या सिनेमात त्यांनी काय केलं ते बघ. चंद्रावर काहीतरी हललेलं दिसतं. नोबिता म्हणतो, तो ससा आहे. वर्गात हसं होतं आणि स्वारी रडत डोरेमॉनकडे. मग डोरेमॉन एक बिल्ला काढतो. तो लावला की लोकांनी खोटी ठरवलेली समजूत बिल्ला लावणाऱ्यांपुरती खरी होते. हा बिल्ला त्सुजिमुरांच्या डोक्यातला नाही. फुजिमोतोंच्याच एका जुन्या छोट्या गोष्टीतला आहे, तिथे पोरं तो लावून जमिनीखालचं जग खरं करतात. नव्या लेखिकेनं जुन्या घराच्या माळ्यावरून वस्तू काढली, पुसली आणि चंद्रावर नेली. ज्याला तू डुप्लिकेट म्हणालास, त्याचा मुख्य खिळा अस्सल आहे.

पण फक्त प्रेम असून भागतं, असंही मी म्हणणार नाही. २०१४मध्ये थ्रीडी सिनेमा आला होता, आठवतो? तो लिहिला ताकाशी यामाझाकींनी, ज्यांना पुढे गॉडझिलाच्या सिनेमाच्या दृश्यपरिणामांसाठी ऑस्कर मिळालं. माणूस कसबी, यात वाद नाही. त्यांनी एक नवीच गोष्ट घुसवली. डोरेमॉनला नोबिताकडे राहायचंच नसतं, म्हणून त्याला पाठवणारा नोबिताचा भविष्यातला खापरपणतू सेवाशी त्याच्यात एक प्रोग्रॅम टाकतो. काम पूर्ण न करता परत जायचं म्हटलं की विजेचा झटका! मला हे आजही पटलेलं नाही. डोरेमॉन वैतागतो, ओरडतो, आवडत्या डोराकेकसाठी रुसतो, आणि तरी राहतो. झटक्याच्या धाकानं राहिला तर त्या राहण्याला काय अर्थ उरला? अशी तक्रार असेल तर ती अगदी रास्त. नेमका प्रसंग दाखवता येतो, त्यावर वाद घालता येतो. ‘लेखक नवा आहे’ ही तक्रार म्हणून फार कच्ची.

आणि चाहत्यांच्या हातात लेखणी गेली तर काय होतं, हेही तू पाहिलेलं आहेस. ‘डोरेमॉनचा शेवटचा भाग’ म्हणून मोबाईलवर फिरणाऱ्या गोष्टी वाचल्या असशील. नोबिता कोमात होता, सगळं स्वप्न होतं, वगैरे. जपानमध्ये २००५ साली एका चाहत्यानं तर स्वतःच शेवट काढून, छापून विकला. त्यात डोरेमॉनची बॅटरी संपते आणि नोबिता मोठेपणी यंत्रमानवांचा तज्ज्ञ होऊन त्याला पुन्हा चालू करतो. वाचून लोक ढसाढसा रडले. शेवटी प्रकाशकांनी आक्षेप घेतला आणि त्या चाहत्याला माफी मागावी लागली. तू घाबरतोस ना, की नोबिताला हुशार करतील? तो उद्योग सर्वांत आधी आपल्यासारख्या प्रेमळ मंडळींनीच केला. ढ पोराला तज्ज्ञ करून टाकलं!

शेवट तर खुद्द फुजिमोतोंनाही करून बघायचा होता. १९७४च्या मार्चमधली गोष्ट. डोरेमॉनला परत जायचंय आणि नोबिताची काळजी त्याला सोडत नाही. रात्री नोबिताची दांडगट जियानशी गाठ पडते. या वेळी तो डोरेमॉनला हाक मारत नाही. मार खातो, पडतो, उठतो, पुन्हा जियानला चिकटतो. शेवटी जियानच कंटाळून म्हणतो, हरलो बाबा, सोड. सुजलेल्या तोंडानं नोबिता डोरेमॉनला सांगतो, बघ, मी एकटा जिंकलो, आता तू निश्चिंत जा. सकाळी डोरेमॉन नसतो. एवढं सुंदर संपवलं आणि पुढच्याच महिन्यात, एप्रिलमध्ये, त्याच माणसानं त्याला परत आणला, तेही जे म्हणू त्याच्या उलटं घडवणारं औषध नोबिताला पाजून. नव्या लेखकानं हे केलं असतं तर तू केवढा चिडला असतास!

मी नवा लेखक कशावर जोखते सांगू? परीक्षेत भोपळा मिळाल्यावर नोबिता पेपर कुठे लपवतो, ते त्याला माहीत आहे का? शिझुकाला नुसती गोड बाहुली करून ठेवली नाही ना? खिशातून निघालेली वस्तू शेवटी नोबिताच्याच अंगाशी येते ना? एवढं असलं की लिहिणारा टोकियोचा असो की टिंबक्टूचा, माझी हरकत नाही.

आता भाची. तिच्याशी वाद घालायला जाऊ नकोस आणि वर सांगितलेला हा इतिहास तर मुळीच ऐकवू नकोस, आठ वर्षांच्या मुलीला नाओकी पुरस्काराचं काय? ‘डुप्लिकेट म्हणालो ते वाईट होतं, माझं चुकलं’ एवढं सरळ सांग. मग तिला विचार की त्या सिनेमातला तिचा आवडता ससा कोणता. ती सांगेल तेवढं ऐकून घे, मध्येच ‘आमच्या वेळी’ सुरू करू नकोस. तिनं मागितलं तरच तुझा तो जियानशी झुंजणारा भाग दाखव. रुमाल जवळ ठेव, तुझ्यासाठी.

हात रिकामे नेऊ नकोस. डोराकेक म्हणजे दोन छोटे पॅनकेक आणि मध्ये अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड सारण. आपल्याकडे मध्ये पुरण भरलं तरी झकास लागतं, मी करून पाहिलंय. पुरण जरा घट्ट ठेव, नाहीतर बाजूनं सांडतं.

आणि बहिणीला आधी फोन कर. व्हॉट्सॲपवर ‘सॉरी’चं स्टिकर पाठवून मोकळा होऊ नकोस.

— ताई