रात्री खोटे अलर्ट येऊ नयेत म्हणून पिंग मॉनिटरिंग कसं लावावं?

तुमची अडचण मला समजली ती अशी: साठेक स्विच, राउटर आणि वाय-फायचे ॲक्सेस पॉइंट झॅबिक्स या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये घातलेत, प्रत्येकाला दर मिनिटाला पिंगचं, म्हणजे ‘आहेस का?’ विचारणारं, एक पॅकेट जातं, आणि शेवटची व्हॅल्यू शून्य (उत्तर नाही) आली की लगेच मेसेज सुटतो. रात्रीतून पंधरा-वीस वेळा फोन वाजतो, उठून पिंग मारून बघावं तर सगळं चालू. म्हणून दोन तपासण्यांमधला इंटरव्हल पाच मिनिटं करावा का, असं विचारलंय.

इंटरव्हल वाढवू नका. तो वाढवला तर खोटे अलर्ट थोडे कमी होतील, पण खरा बिघाडही उशिरा कळेल. बदलायचं ते ‘बंद’ कशाला म्हणायचं, एवढंच. सध्या एक पॅकेट हरवलं की तुमच्या लेखी डिव्हाइस मेलं, आणि पॅकेट हरवणं ही तर नेटवर्कमधली रोजची गोष्ट आहे.

त्यातही पिंगचं पॅकेट जरा जास्तच हरवतं. स्विचमधून जाणारी लोकांची रहदारी त्याची चिप परस्पर पुढे ढकलते. पण खुद्द स्विचलाच विचारलेल्या ‘आहेस का?’ या प्रश्नाला उत्तर द्यायचं काम त्याच्या सीपीयूचं, आणि सीपीयूच्या कामांच्या यादीत हे काम बरंच खाली. बरीच डिव्हाइसं आयसीएमपीला (पिंग ज्या प्रोटोकॉलवर चालतं तो) मुद्दाम मर्यादा घालतात. त्यामुळे स्विच दणक्यात चालू असतानाही एखाद्या पिंगला उत्तर देत नाही. तुमचे अलर्ट रोज ठरावीक वेळीच येत असतील तर बॅकअपची वेळ आधी तपासा. लिंक भरली की पिंगची पॅकेटंही गळतात.

म्हणून एका तपासणीत एकाऐवजी तीन पॅकेटं पाठवा. तिघांतलं एक जरी परत आलं तरी झॅबिक्स त्या तपासणीला ‘चालू’ म्हणतं. आणि सलग तीन तपासण्या अशा कोऱ्या गेल्या तरच अलर्ट. म्हणजे ट्रिगरमध्ये (अलर्ट कधी द्यायचा ते ठरवणाऱ्या अटीत) शेवटची व्हॅल्यू बघायची नाही, शेवटच्या तीन व्हॅल्यूंमधली सर्वांत मोठी शून्य आहे का ते बघायचं. झॅबिक्ससोबत येणाऱ्या आयसीएमपी पिंग टेम्प्लेटमध्ये हा ट्रिगर तयार आहे, स्वतः लिहिलेला काढून तो लावलात तरी चालेल. बिघाड कळायला तीनेक मिनिटं लागतील. महिन्याला ९९.९ टक्के उपलब्धता द्यायची असेल तर तीस दिवसांत त्रेचाळीस मिनिटं हाताशी असतात, त्यातली तीन यासाठी गेली तर मला ती जड वाटत नाहीत. लोडचीही काळजी नको. साठ डिव्हाइसं, मिनिटाला तीन पॅकेटं, नेहमीच्या आकाराचं पॅकेट ८४ बाइटचं: सगळं मिळून एका दिशेने सेकंदाला दोन किलोबिट.

आता दुसरा भाग, जो मला पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो. डिव्हाइसांमधलं नातं मॉनिटरिंगला सांगा.

हे मी अनुभवाने शिकलो. मी सांभाळत असलेल्या एका नेटवर्कमध्ये पहाटे मुख्य स्विचचा पॉवर सप्लाय गेला. त्याच्यामागे जे जे होतं ते सगळं मॉनिटरिंगला दिसेनासं झालं आणि फोनवर एकेचाळीस मेसेज आले. मी वरचे पाच-सहा वाचले. सगळे ॲक्सेस पॉइंटचे होते, म्हणून ते सगळे सांभाळणाऱ्या वायरलेस कंट्रोलरचंच काही बिनसलं असेल असं धरून पाऊण तास तिथेच शोधत बसलो. मुख्य स्विचचा मेसेज यादीत खाली दबून गेला होता. माहिती फोनमध्येच होती, फक्त चाळीस निरर्थक मेसेजांखाली.

त्यावरचा उपाय म्हणजे डिपेंडन्सी. ॲक्सेस पॉइंटचा ट्रिगर त्याच्या स्विचच्या ट्रिगरवर अवलंबून ठेवा, त्या स्विचचा मुख्य स्विचवर, आणि लांबच्या ऑफिसातल्या सगळ्यांचा तिथल्या राउटरवर. मूळ डिव्हाइस पडलं की मागची गप्प बसतात आणि एकच मेसेज येतो. साठ डिव्हाइसांची ही वंशावळ कागदावर काढायला एक दुपार लागेल, पण ती दुपार द्याच. ती मॉनिटरिंग सर्व्हर जिथे जोडलाय तिथून बघून काढायची, कारण कोण कोणाच्या ‘मागे’ आहे हे सर्व्हरच्या जागेवर ठरतं.

यात एक मेख आहे. ॲक्सेस पॉइंटची तपासणी स्विचच्या आधी झाली, तर स्विच ‘बंद’ ठरायच्या आतच ॲक्सेस पॉइंटचा मेसेज सुटतो आणि डिपेंडन्सी असून नसल्यासारखी होते. म्हणून मी मुख्य डिव्हाइसांचा इंटरव्हल तीस सेकंद ठेवतो आणि मागच्यांचा एक मिनिट. बाप आधी पडलेला दिसला पाहिजे. नॅगिऑस या दुसऱ्या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये ही कसरत लागत नाही. तिथे पेरेंट्स भरले की होस्ट पडल्यावर ते स्वतःच आधी पेरेंट तपासतं आणि मागच्यांना ‘डाऊन’ऐवजी ‘अनरीचेबल’ ठरवतं. फक्त अनरीचेबलचे मेसेज तिथे बंद करून ठेवा.

पत्त्यांबाबत थोडंसं. होस्ट नावाने नव्हे, आयपीने घाला, नाहीतर डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) पडला की सगळं नेटवर्क पडलेलं दिसेल. राउटरला दोन लिंक असतील तर लूपबॅकचा पत्ता (कुठल्याच एका लिंकला न बांधलेला, राउटरचा स्वतःचा पत्ता) पिंग करा: एक लिंक गेली तरी राउटर जिवंत आहे हे त्यावरूनच कळतं, लिंक वेगळ्या बघता येतात. ॲक्सेस पॉइंट डीएचसीपीवर (पत्ते आपोआप वाटणारी सेवा) असतील तर त्यांचे पत्ते राखून ठेवा. पत्ता बदलून तो दुसऱ्याच कुणाला मिळाला तर मॉनिटरिंग त्या भलत्याच डिव्हाइसला पिंग करून खुशाल हिरवं दाखवत राहील.

तुमच्या लांबच्या ऑफिसात विंडोजवर एक बॅच स्क्रिप्टही पिंग करते असं लिहिलंय, तिच्याकडे आजच लक्ष द्या. त्याच सबनेटमधल्या (नेटवर्कच्या त्याच भागातल्या) बंद पत्त्याला विंडोजवर पिंग मारून बघा. ‘रिप्लाय फ्रॉम’ आणि पुढे ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ अशा ओळी येतील, आणि खाली हिशोब येईल: पाठवली चार, मिळाली चार, हरवली शून्य. त्या ओळीतला पत्ता नीट वाचा. तो समोरच्या डिव्हाइसचा नसून तुमच्याच कॉम्प्युटरचा असतो. ‘तिकडे कोणी नाही’ हे सांगणारं उत्तरही विंडोज मिळालेल्यांत मोजतं, त्यामुळे निव्वळ एररलेव्हल (कमांडने परत दिलेला यश-अपयशाचा आकडा) बघणारी स्क्रिप्ट बंद डिव्हाइसला चालू म्हणते. आउटपुटमध्ये ‘टीटीएल’ हा शब्द शोधा. खऱ्या उत्तराच्या ओळीतच तो असतो.

उत्तराला लागणारा वेळ आणि पॅकेटांची गळती यांचेही अलर्ट लावा, पण ते ईमेलवर, झोपमोड करणारे नकोत. टेम्प्लेटमध्ये गळतीची मर्यादा २० टक्के आणि वेळेची १५० मिलिसेकंद असते. गळतीची ठेवा. वेळेची मात्र सगळ्यांना एकच चालत नाही. त्याच इमारतीतला स्विच एक-दोन मिलिसेकंदांत बोलतो, तो शंभरावर गेला तरी टेम्प्लेट गप्पच राहील. आठवडाभर ग्राफ जमू द्या आणि मग प्रत्येक गटाची मर्यादा ठरवा.

तीन तपासण्यांचा नियम लावल्यावर एक गोष्ट निसटते, ती एसएनएमपीने (डिव्हाइसकडून त्याचीच माहिती वाचायचा प्रोटोकॉल) पकडा. एक मिनिटाचा इंटरव्हल असलेला स्विच दीड मिनिटात रीस्टार्ट होऊन परत आला, तर ते आता पिंगच्या अलर्टमध्ये कधीच दिसणार नाही. तो रोज पहाटे असा रीस्टार्ट होत असेल तर पुढे मोठं दुखणं येतंय. सिस-अपटाइम (चालू झाल्यापासूनचा वेळ) वाचा, आणि तो दहा मिनिटांपेक्षा कमी दिसला तर सकाळी बघायची नोंद करा. तो आकडा ३२ बिटांचा असल्याने साधारण ४९७ दिवसांनी आपोआप शून्यावर येतो. इतके दिवस सलग चालू असलेला स्विच ‘रीस्टार्ट झाला’ असं दाखवू लागला तर आधी हे आठवा.

सगळं लावून झालं की एखाद्या कमी वापराच्या ॲक्सेस पॉइंटची केबल स्वतः काढा आणि घड्याळ लावा. मेसेज किती मिनिटांनी आला, एकच आला का, केबल परत लावल्यावर ‘चालू झालं’चा मेसेज आला का, हे तिन्ही लिहून ठेवा. मग सगळ्यांना सांगून, ठरवलेल्या वेळी, एका मजल्याचा स्विच बंद करून तेच परत करा. दुसऱ्या वेळी एकाहून जास्त मेसेज आले तर वंशावळीत कुठेतरी नातं चुकलंय. जास्तीचा मेसेज ज्या डिव्हाइसचा आहे, त्याचीच डिपेंडन्सी आधी उघडा.