वाचकांचे प्रश्न : उन्हाळी संध्याकाळ, धावणं आणि ओझोन

प्रश्न : मी पुण्यात राहतो, वय ३१. एप्रिल-मेमध्ये दुपारी साडेचारला टेकडीवर १० किमी धावतो. धूर दिसत नाही, तरी अर्ध्या तासाने कोरडा खोकला सुटतो, खोल श्वास घेतला की छातीत टोचतं. सकाळी त्रास नाही, दमाही नाही. एन-९५ मास्क लावू का?

उत्तर : मास्कचा उपयोग नाही. तो कण अडवतो. तुमचा संशयित वायू आहे, ओझोन. मात्र धावताना छातीत दुखत असेल तर आधी डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्या.

ओझोन धुराड्यातून निघत नाही. गाड्यांमधले नायट्रोजन ऑक्साइड आणि पेट्रोल, रंग वगैरेंच्या वाफा यांवर कडक ऊन पडलं की तो हवेतच तयार होतो. म्हणून तो दुपारी चढतो आणि ऊन कललं की उतरतो. भर रस्त्यावर तो उलट कमी भरतो, कारण सायलेन्सरमधून निघणारा ताजा नायट्रिक ऑक्साइड त्याला खाऊन टाकतो. (म्हणून हमरस्त्यावर धावायला जाऊ नका, तिथे दुसरं विष आहे.)

बसल्या जागी आपण मिनिटाला ६-८ लिटर हवा घेतो, जोरात धावताना ६०च्या वर. साधारण ३५-४० लिटरनंतर तोंडही उघडतं आणि थोडाफार ओझोन जिरवणारं नाक वगळलं जातं. वायू खोलवर पोहोचून श्वासमार्गातले चेतातंतू चाळवतो आणि पूर्ण श्वास घेण्याआधीच शरीर ब्रेक लावतं. स्पायरोमेट्रीत (फुंकर मारून करायच्या फुफ्फुसांच्या चाचणीत) एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन बाहेर सोडता येणारी एकूण हवा) आणि एफईव्ही-१ (त्यातली पहिल्या सेकंदात सोडलेली हवा) दोन्ही घटलेले दिसतात. मुख्य अडचण श्वासनळ्या आवळण्याची नसल्याने, दमा नसलेल्याला दम्याच्या पंपाने (इनहेलरने) फारसा फरक पडत नाही. लॉस एंजेलिसजवळच्या एका शाळेच्या क्रॉस-कंट्री धावपटूंची १९५९ ते ६४ मधली कामगिरी तपासली, तेव्हा शर्यतीच्या तासभर आधी हवेत ऑक्सिडंट (मुख्यतः ओझोन) जितके जास्त, तितकी वेळ न सुधारलेली मुलं जास्त निघाली.

तुम्ही सकाळीच धावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अ‍ॅपवर हवेच्या गुणवत्तेच्या एकूण निर्देशांकावर न थांबता ओझोनचा आकडा वेगळा बघा. आपल्याकडची मर्यादा ८ तासांच्या सरासरीला १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. संध्याकाळीच जमत असेल तर इंटरव्हल्स (आलटून पालटून वेगात आणि हळू धावणं) टाळून संथ वीस-पंचवीस मिनिटं पुरे, कारण मात्रा ठरते ती हवेतलं ओझोनचं प्रमाण, श्वासाचा वेग आणि वेळ या तिन्हींवर.

फुफ्फुसांची क्षमता बहुधा दिवसभरात पूर्ववत होते. रोज अशा हवेत धावलात तर दुसऱ्या दिवशी त्रास वाढतो, चौथ्या-पाचव्या दिवशी कमी होतो. याला सवय झाली म्हणून खूश होऊ नका. खोकला थांबला तरी आतला दाह चालूच राहू शकतो.